रजा टाकून परिक्रमेला

पहाटे साडेचार

आश्रमातली चूल आमच्या आधी जागी झालेली असते. ओसरीवर पडल्या पडल्या धुराचा वास येतो, मग पातेल्यांचा आवाज, आणि त्यानंतर कुणाच्या तरी उशाशी गजर वाजतो. रावेरखेडी, नर्मदेचा दक्षिण तट, मध्य प्रदेशातला खरगोन जिल्हा. रात्री या ओसरीवर बरीच मंडळी झोपली होती. नांदेडकडचं एक शेतकरी जोडपं, गुजरातेतले एक निवृत्त पोस्टमन, दोन साधू, इंजिनिअरिंग संपवून नोकरी लागायच्या आत निघालेला एक मुलगा, आणि आम्ही दोघी, मी आणि माझी थोरली नणंद. ताई शाळेतून निवृत्त झाल्या आहेत. मी अजून बँकेत आहे आणि कार्तिकी एकादशीनंतर रजा टाकून आले आहे.

ही आमची सुट्टी. राहायला पैसे पडत नाहीत, जेवायला पडत नाहीत. खर्च झाला तो खंडव्यापर्यंतच्या रेल्वेचा आणि तिथून ओंकारेश्वरपर्यंतच्या बसचा. परत जाताना तेवढाच होईल. महाराष्ट्रातून जाणाऱ्याला खंडवा म्हणजे भुसावळच्या पुढचं मोठं स्टेशन, स्लीपरच्या तिकिटात एका रात्रीत गाठता येणारं. सुट्टीत स्वस्तात कुठे जाऊ, असं मला कुणी विचारलं तर मी हा काठ सांगते, आणि लगेच पुढचंही सांगते: इथला दिवस कामाचा असतो. दुसऱ्या कुणाच्या तरी कष्टावर आपला प्रवास फुकट होत असतो, म्हणून आपल्या वाट्याचं काम आपण करायचं. त्या कामाचा क्रम ठरलेला आहे, तो वेळेप्रमाणे सांगते.

पहिलं काम आसन उचलण्याचं. आसन म्हणजे आपलं अंथरूण-पांघरूण आणि ते पसरलं ती जागा. सतरंजी झटकायची, कांबळं घडी करायचं, पिशवीत भरायचं, मग केरसुणी घेऊन झोपलेली जागा झाडून काढायची. हे कुणी सांगत नाही, भिंतीवर पाटी नाही. पण पोस्टमनकाकांनी आपली जागा झाडून शेजारच्या साधूंचीही झाडली आणि इंजिनिअर मुलाने ते बघून दुसरी केरसुणी शोधली. इथली शिस्त अशीच एकाचं बघून दुसऱ्यात उतरते.

साडेपाच

घाटावर अंधार आहे. कॅनमधून पाणी घेऊन वर आंघोळ करणारेही असतात, पण आम्ही पायऱ्यांवर बसून तांब्याने अंगावर घेतो. परिक्रमावासी नदीत पोहत नाहीत, खोल पाण्यात उतरत नाहीत. मैयाला, म्हणजे नर्मदेला, ओलांडायचं नाही, हा परिक्रमेचा मुख्य नियम, आणि बाकीचे पुष्कळसे नियम त्यातूनच येतात. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची. उपनद्या ओलांडता येतात, नर्मदा नाही. अमरकंटकला उगमापाशी वळसा घ्यायचा आणि समुद्राशी, जिथे ती खंबातच्या आखाताला मिळते, तिथे नावेने मुखाच्या पलीकडे जायचं. नदीची लांबी 1312 किलोमीटर. दोन्ही काठ धरून चालायचं म्हणजे अडीच हजारांच्या वर.

एवढी पूर्ण परिक्रमा सलग करायला कित्येक महिने लागतात, आणि जुन्या रिवाजाने तर तीन वर्षं तीन महिने तेरा दिवस, कारण चातुर्मासात चार महिने एका जागी थांबायचं. नोकरीतल्या माणसाने काय करावं? खंड परिक्रमा. जिथे थांबलो तिथली खूण लक्षात ठेवायची, घरी जायचं आणि पुढच्या रजेत तिथूनच चालू करायचं. याला काही जण कमी लेखतात, मला ते पटत नाही. जबलपूरचे चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड 1977 मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर चालायला लागले ते असेच तुकड्या-तुकड्याने. शांतिनिकेतनात शिकलेला, कला महाविद्यालयात शिकवणारा माणूस. रेखाटनं करत, लिहीत, वर्षानुवर्षं त्यांनी हा काठ पायाखाली घातला. पुढे त्यांनी नर्मदेवर लिहिलेली पुस्तकं वाचून किती तरी माणसं घराबाहेर पडली.

आंघोळीनंतर बाटलीची पूजा. ओंकारेश्वरला संकल्प करताना छोट्या बाटलीत मैयाचं जल भरून घेतलेलं असतं. रोज त्यातलं थोडं नदीत सोडायचं आणि थोडं नवं भरायचं. हळदीकुंकू, एखादं फूल, निरांजन, आरती. ताई हे मनापासून करतात. मी शेजारी बसते, हात जोडते आणि पाणी बघते. वर ओंकारेश्वरचं धरण आहे. त्यातून पाणी सोडलं की खालच्या घाटांवर पातळी चढते, म्हणून पिशव्या वरच्या पायऱ्यांवर ठेवायच्या आणि चपलाही. नव्याने जाणाऱ्याने हे काटेकोरपणे पाळावं.

साडेसहा

चहा होतो. स्टीलच्या ग्लासात, भरपूर साखरेचा. ज्याने त्याने आपला ग्लास विसळून पालथा घालायचा.

निघायच्या आधी आम्ही बाजीरावांच्या समाधीवर जातो. पहिल्या बाजीरावाचा शेवट इथे झाला, हे मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने वाचलेलं असतं, पण वाचलेलं गाव आणि पायाखालचं गाव यांत फार फरक आहे. 18 ऑगस्ट 1700 चा जन्म आणि 28 एप्रिल 1740 चा मृत्यू. चाळीसही पुरी झाली नव्हती. वैशाखातल्या, या निमाड मुलखातल्या उन्हात, मोहिमेवर असताना, तापाने. नानासाहेबांच्या सांगण्यावरून राणोजी शिंद्यांनी इथे समाधी बांधली, असं सांगतात. दगडी तटबंदीचं आवार, आत छत्री, बाहेर कपाशीची शेतं आणि पलीकडे नदी.

नांदेडचे काका समाधीसमोर चपला काढून उभे राहिले आणि बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "घोड्यावरून येवढा मुलूख पालथा घातला ह्या माणसानं. आपण चालतोय ते काहीच नाही, वहिनी." मला वाटतं, पुण्याहून शनिवारवाडा बघून परतणाऱ्या सगळ्यांनी कधीतरी इथे यावं. तिकीट नाही, रांग नाही, आणि इतिहासातला माणूस कुठे पडला ती माती डोळ्यांसमोर.

सात ते साडेनऊ

चालायचे हे सगळ्यात चांगले तास. आम्ही पश्चिमेकडे निघालो आहोत, ऊन पाठीवर आहे, मैया उजव्या हाताला. वाट कधी अगदी काठाने जाते, कधी नाला आडवा आला की शेतांमागून वळसा घेते. कापसाची वेचणी चालू आहे. हरभरा वीतभर आलाय. घरांच्या अंगणात आणि मोकळ्या रानात लाल मिरच्या वाळत घातल्या आहेत. हा सगळा मुलूख मिरचीचा, जवळच्या बेडियाची मिरची मंडी मोठी आहे आणि वारा तिकडून आला तर शिंका येतात.

पाठीवरचं ओझं किती असावं, याबद्दल ताईंचं मत ठाम आहे: अंगावरचे सोडून कपड्यांचा एकच जोड, एक शाल, सतरंजी, कांबळं, ताट-वाटी, तांब्या, टॉर्च, सुई-दोरा, खोबरेल तेल, रोजची औषधं, आधार कार्ड आणि परिक्रमेचं ओळखपत्र. ओंकारेश्वरला फोटो लावून हे पत्र करून मिळतं, वाटेत ठिकठिकाणी त्यावर शिक्के घ्यायचे. आश्रमात, धर्मशाळेत तेच दाखवायचं. बाकी काही घेतलं तर तिसऱ्या दिवशी ते कुणाला तरी देऊन टाकावंसं वाटतं आणि काठावरची गरीब घरं त्या वस्तूंची कचरापेटी होतात. त्यापेक्षा घरीच ठेवावं.

एका वस्तीपाशी बाई हाक मारतात. "नर्मदे हर! चाय पी के जाओ मैयाजी!" आम्ही नुकताच चहा घेतलेला आहे. ताई थांबतात. मीही शिकले आहे की इथे हाक आली तर थांबायचं. बाईंच्या घराला एकच खोली, पुढे गवताचं छप्पर. म्हशीचं दूध काढून घेतलं आहे, बहुधा डेअरीला घालायचं असणार, त्यातलंच पातेल्यात ओतलं. त्यांची सून बाजेवर लेकराला घेऊन बसली आहे. सासूबाई विचारतात, कुठल्या, किती मुलं, घरी स्वयंपाक कोण करतंय. माझा नवरा आणि मुलगा करताहेत, असं सांगितल्यावर सून हसते आणि सासूकडे बघते. निघताना ताई त्या बाळाच्या हातात खडीसाखर ठेवतात. पैसे दिले असते तर बाईंनी घेतले नसते आणि त्यांना ते लागलं असतं.

हे शिकायला वेळ लागतो. आपल्याला वाटतं, घेतलं की लगेच फेडावं. इथे घेतलेलं लगेच फेडता येत नाही. या बाईंच्या मते त्यांनी चहा मला दिलेला नाही, मैयाच्या वाटेवरच्या माणसाला दिला आहे. आज ती मी आहे, उद्या दुसरी कुणी.

दहा

बकावां. गावात शिरायच्या आधीच दगड घासण्याचा आवाज येतो. नर्मदेतल्या दगडांची शिवलिंगं, म्हणजे बाण, इथे घडतात आणि देशभर जातात. नदीतून आणलेला दगड आधी ढोबळ कापतात, मग फिरत्या चाकावर धरून त्याला आकार देतात, मग पॉलिश. दगडाच्या आतल्या तांबूस, पांढऱ्या रेघा घासल्यावर वर येतात, म्हणून दोन लिंगं कधी सारखी होत नाहीत. अंगठ्याएवढ्यापासून माणसाच्या उंचीपर्यंत सगळे आकार अंगणात मांडलेले.

एका कारागिराजवळ आम्ही बसलो. पांढऱ्या धुळीने त्याच्या भुवयासुद्धा माखल्या होत्या. नाकाला नुसता गमछा. "मास्क लावत जा रे बाबा," ताई मास्तरकीच्या आवाजात म्हणाल्या, तर तो म्हणाला, गरम होतं. दगडाची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत जाणं चांगलं नाही, हे त्यालाही माहीत आहे. घरोघरी देव्हाऱ्यात बसणाऱ्या त्या गुळगुळीत बाणाच्या मागे ही छाती आहे. प्रवासात चार पैसे खर्च करायची जागा मला विचाराल तर ही. दुकानात नव्हे, इथे अंगणात, घडवणाऱ्याच्या हातात पैसे द्यावेत आणि भाव करू नये. मी एक लहान बाण घेतला. ओझं वाढलं, पण ते मी आनंदाने वाहीन.

साडेअकरा ते दोन

मर्दाना गावाच्या वाटेवर ऊन चढलं. नोव्हेंबर असला तरी निमाडातलं दुपारचं ऊन तापतं. एका देवळाच्या आवारात थांबलो. तिथे तयार जेवण नाही, सदावर्त आहे. म्हणजे शिधा मिळतो, शिजवायचं आपण. आवार सांभाळणारे म्हातारे बाबा खोलीतून बाहेर आले, मोजलं, "कितनी मूर्ति? चार?" आणि पितळी मापाने कणीक मोजून दिली. तुरीची डाळ, मीठ, तिखट, हळद, थोडं तूप, दोन बटाटे. गोवऱ्या कोपऱ्यात होत्या.

नांदेडच्या काकूंनी तीन दगड मांडले. मी कणीक मळली. इथे पोळ्या करत बसायचं नाही, टिक्कड करायचे: हाताने थापलेल्या जाड रोट्या, तव्यावर टाकून मग निखाऱ्यावर उभ्या करून भाजायच्या. डाळीला फोडणी तुपाची. काका पाणी आणायला गेले, ताईंनी बटाटे निखाऱ्यात पुरले. तासाभरात जेवण. एका टिक्कडात पोट भरतं, दुसऱ्यात झोप येते. पहिला घास मैयाला, एक टिक्कड कुत्र्याला, आणि बाबांना ताट वाढून आपण मागून बसायचं. तवा आणि पातेलं राखेने घासून, पालथं घालून परत द्यायचं. चूल झाडायची, राख एका बाजूला करायची. पुढचा येणारा मोकळ्या जागेवर बसला पाहिजे.

सदावर्ताची ही व्यवस्था फार जुनी आहे आणि तिच्यामागे राजेरजवाड्यांपासून शेतकऱ्यांपर्यंत सगळे आहेत. अहिल्याबाई होळकरांनी देशभर घाट, धर्मशाळा, अन्नछत्रं उभी केली, त्यांची राजधानी महेश्वर इथून पुढे, समोरच्या काठावर. येत्या काही दिवसांत तो प्रसिद्ध घाट आम्हाला नदीपल्याड दिसेल, आणि नावाडी विचारेल, तरी आम्ही पलीकडे जाणार नाही. महेश्वर बघायचं ते उत्तर तटावरून परत येताना. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या चौंडीची ही मुलगी, आणि तिच्या दानाचा वारसा आज चालवतो तो कोण? बाबांना विचारलं. म्हणाले, कणीक पाच गावांतून येते. गहू निघाले की प्रत्येक घर काही पायल्या बाजूला काढतं. डाळ एका व्यापाऱ्याची. तूप कुणी नवस फेडायला देतं. गेल्या साली पाऊस नीट झाला नाही तेव्हाही गहू आले, थोडे कमी.

म्हणून मला फुकट प्रवासाची एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याने ते इथे निवड विकत घ्यायला वापरू नयेत, पण लपवूनही ठेवू नयेत. आम्ही दोघींनी ठरवलं आहे की जिथे जेवलो तिथल्या पेटीत आमच्या शिध्याच्या किमतीपेक्षा थोडं जास्त टाकायचं, कुणाच्या हातात न देता. अपरिग्रहाचं व्रत घेऊन, पैशाला न शिवता चालणारे साधू इथे आहेत. सदावर्त आधी त्यांच्यासाठी आहे. पगारदार माणसाने पेटी रिकामी सोडून पुढे जाणं मला पटत नाही.

दोन ते साडेतीन

कपडे धुणं आणि पाय.

पायांबद्दल कुणी लिहीत नाही, आणि सुट्टी मोडते ती पायांमुळेच. मोजे रोज धुवायचे, ओले घालायचे नाहीत. फोड आला तर सुई तापवून दोरा आरपार ओवायचा आणि दोरा तिथेच ठेवायचा, पाणी निघून जातं आणि कातडी फाटत नाही. हा ताईंचा उपाय. डॉक्टर म्हणतील, फोड शिवूच नये, नुसतं झाकावं. मधुमेह असेल त्याने तर डॉक्टरांचंच ऐकावं. रोज रात्री तळपायाला तेल. नवे बूट घालून कधीही येऊ नये.

मागून येऊन पोचलेल्या इंजिनिअर मुलाच्या टाचा सोलल्या होत्या. काकूंनी त्याला आपल्या पिशवीतली पट्टी दिली, वर रागावल्याही. तो आज इथेच थांबणार. बाबांनी त्याला विहिरीवरच्या मोटरची वायर बघायला सांगितली आणि तो लंगडत, खुशीत, पक्कड शोधायला गेला.

चार

उन्हं कलली. पुढच्या गावापर्यंत जायचं आहे आणि अंधार पडायच्या आत पोचायचं आहे. रात्री चालायचं नाही, विशेषतः बायकांनी. लोक मला विचारतात, बायकांनी एकटं जावं का. मी म्हणते, निदान दोघींनी जावं, दिवसा चालावं, मुक्काम शक्यतो जिथे कुटुंब राहतं तिथे करावा, घरी रोज संध्याकाळी फोन करावा. एवढं सांभाळलं तर हा काठ बाईमाणसाला फार मानाने वागवतो. भारती ठाकूर यांचं उदाहरण आहेच. त्या परिक्रमेला निघाल्या, वाटेत निमाडातल्या मुलांचं शिक्षण बघून अस्वस्थ झाल्या आणि पुढे नोकरी सोडून इथे येऊन शाळा काढल्या. त्यांचं लेप्याचं नर्मदालय आमच्या वाटेवरच आहे, ताईंना तिथे थांबून मुलांना शिकवायचं आहे. सुट्टीचा असाही उपयोग होतो.

गो. नी. दांडेकरांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' आणि जगन्नाथ कुंटे यांचं 'नर्मदे हर हर' यांनी मराठी घरांतून पुष्कळ माणसं या काठावर आणली. महाराष्ट्रातून आलो म्हटलं की वाटेवरच्या लोकांना नवल वाटत नाही, "आपके तरफ से बहुत आते हैं," असं ते म्हणतात.

गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर दोन मोठ्या बसगाड्या आमच्या शेजारून गेल्या. वाहनाने परिक्रमा. ज्यांचे गुडघे चालू देत नाहीत, ज्यांना रजा नाही, त्यांना हाच मार्ग आहे आणि त्यांची श्रद्धा कमी नाही. पण गाड्यांची संख्या वाढली आहे आणि शंभर माणसं एकदम आश्रमात उतरली की काय होतं ते मी पाहिलं आहे. दहा जणांच्या स्वयंपाकाची चूल, दोन संडास, एक विहीर. शिवाय कागदी द्रोण आणि पाण्याच्या बाटल्या. माझं म्हणणं एवढंच, की गाडीने येणाऱ्यांनी आपला शिधा, आपले आचारी आणि आपली भांडी घेऊन यावं. पायी येणाऱ्यासाठी राखलेलं अन्न पायी येणाऱ्याकडे जाऊ द्यावं.

पायी जमत नाही आणि गाडी नको, त्यांना तिसरी वाट आहे. गुजरातेत तिलकवाड्याजवळ नर्मदा उत्तरेकडे वळते. तिथे चैत्र महिन्यात उत्तरवाहिनी परिक्रमा असते, एका दिवसात पायी पुरी होणारी. चैत्रातली गर्दी आणि ऊन सोसायची तयारी ठेवावी.

साडेपाच

आश्रम दिसला. पत्र्याचा मंडप, पिंपळ, पलीकडे उतार आणि पाणी. दारातूनच "नर्मदे हर" म्हणायचं आणि उत्तराची वाट बघायची. "आओ मैयाजी, आसन लगाओ." किती मूर्ती, कुठून आलात, पत्र दाखवा. वहीत नाव, गाव, तारीख. मग जागा दाखवतील तिथे आसन लावायचं. पंखा कुठे, कोपरा बरा की भिंत बरी, हे मनात आणायचं नाही. घरी हॉटेल ठरवताना आपण तास तास फोटो बघतो, अभिप्राय वाचतो, दर तपासतो. इथे ते सगळं गळून पडतं आणि डोकं इतकं मोकळं होतं की पहिले दोन दिवस त्या मोकळेपणाचीच सवय करावी लागते. मला सुट्टी म्हणून हवं होतं ते हेच.

हातपाय धुऊन दोघी स्वयंपाकघरात गेलो. विचारायचं, "क्या सेवा है?" आणि सांगतील ते करायचं. आज अंबाडीची भाजी निवडायची होती, ढीगभर. आश्रम चालवणाऱ्या मावशी साठीच्या आसपासच्या. रोज सकाळी चारला उठतात, सगळ्यात शेवटी झोपतात, आणि चातुर्मास सोडला तर एक दिवस खाडा नाही. त्यांची परिक्रमा झाली आहे का, असं ताईंनी विचारलं. "कब जाऊँ? सब यहीं आ जाते हैं," मावशी म्हणाल्या आणि ज्वारीचं पीठ चाळायला घेतलं.

सात

आरती काठावर. घंटा, शंख, गावातली पोरं झांजा घेऊन आलेली. त्यातल्या एका मुलीचा आवाज फार गोड होता. नंतर जेवण: ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, खिचडी. वाढायला गावचे दोन तरुण होते, दिवसभर शेतात राबून आलेले. ताटात काही टाकायचं नाही. आपलं ताट आपण घासायचं, आणि मी मोठं पातेलंही घेतलं, कारण मावशींचं मनगट दुखत होतं.

साडेआठ

पेटीत पैसे टाकले. घरी फोन केला. मुलाने वरण-भात केला होता. वहीत आजचं गाव लिहिलं आणि मोबाइलचा चार्जर पोस्टमनकाकांना दिला. ते आमच्यामागून अर्ध्या तासाने येऊन पोचले होते, बकावांला रमले म्हणून. पुढचे टप्पे कसे पडतील यावर ओसरीत बोलणं झालं. तेली भट्याण, मग लेपा. भट्याणला सियाराम बाबांचा आश्रम. दान म्हणून दहा रुपयांपेक्षा जास्त न घेणारे म्हणून ते प्रसिद्ध होते, डिसेंबर 2024 मध्ये गेले. काकांनी त्यांना आधीच्या खेपेला पाहिलं होतं आणि त्यांनी आपल्या हातांनी दिलेला चहा आठवून ते गप्प झाले.

तेवढ्यात मावशी दारात आल्या. निरोप आला होता, रस्त्यावर दिसलेल्या त्या दोन बसगाड्या पहाटे पाचला इथे येणार, चहा-पोहे हवेत, माणसं नव्वद. पोहे आहेत, माणसं कमी आहेत. मघाशी मी जे काही ठामपणे बोलले होते ते ताईंनी ऐकलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मावशींना सांगितलं, आम्ही दोघी आहोत.

"अगं, गजर तीनचा लाव," त्या मला म्हणाल्या.

"लावते. पण चुलीपाशी मी बसणार, ताई. तुम्ही बटाटे घ्या."

"बटाटे आत्ताच चिरून पाण्यात टाकू," नांदेडच्या काकू विळी मागत उठल्या, "पहाटे घाई होईल."